काकाजी, सत्कार घेत नाही ना, मग हे पत्र तरी घ्या

आदरणीय काकाजी,
सादर नमस्कार.

मंडळाच्या बैठकीत तुमच्या सत्काराचा विषय निघाला की तुम्ही चप्पल घालून घराकडे निघता. शाल नको, श्रीफळ नको, फोटो तर मुळीच नको. म्हणून सगळ्यांनी मिळून ठरवलं की उघड पत्रच लिहायचं. मंडळाची वही माझ्याकडे असते, तेव्हा लिहायचं कामही माझ्याकडेच आलं. हे चारचौघांनी वाचावं अशीच आमची इच्छा आहे. नागपूरच्या आसपास कितीतरी गावांत आपल्यासारखं इतिहास मंडळ काढू पाहणारी पोरं आहेत. एक निवृत्त पटवारी गावासाठी काय करू शकतो, हे त्यांनाही कळू द्या.

तुम्ही यायच्या आधी आमच्याकडे व्याख्यानं होत नव्हती असं नाही. शहरातून वक्ते यायचे, मनापासून बोलायचे. गोंड राजा बख्त बुलंद शाह आणि त्यानं जोडलेल्या बारा वस्त्या, रघूजी भोसले, १८१७ ची सीताबर्डीची लढाई, १८५४ साली खालसा झालेलं राज्य, १८७७ ची एम्प्रेस मिल. हे सगळं ऐकायला हवंच होतं आणि आम्ही ते आवडीनं ऐकलं. पण त्यात आमचं गाव कुठंच यायचं नाही. नागपूरला काही घडलं की त्याचं पुढं काय झालं ते सांगायचं, आणि आमच्या शिवारात त्या वेळी काय चाललं होतं हे कुणी विचारायचंही नाही. आपल्या गावाला इतिहास नाही, असं आम्ही जवळजवळ धरूनच चाललो होतो.

मग एका शनिवारी संध्याकाळी तुम्ही शाळेच्या व्हरांड्यात गावनकाशाची नक्कल पसरली. रीतसर अर्ज करून, फी भरून तुम्ही ती स्वतः काढून आणली होती. वारा होता म्हणून चार कोपऱ्यांवर मुलांच्या पाट्या ठेवल्या. तुम्ही भाषण केलंच नाही. एवढंच म्हणालात, "आधी आपापलं वावर हुडका."

पंधरा-वीस माणसं त्या कागदावर वाकली. शेतांचे खसरा नंबर वाचता येणारे तरुण पुढं होते, आणि तरी सगळ्यांत आधी वावर सापडलं ते माझ्या सासूबाईंना. त्यांना अक्षरओळख नाही. त्यांनी नाल्याचं वळण बोटानं धरलं, तिथून पांदण, म्हणजे वावरात जायची वाट, पकडली, पांदण जिथं दुभंगते तिथं थांबल्या आणि म्हणाल्या, "हा आपला धुरा. अन् हे बोरीचं झाड." झाड नकाशावर नव्हतं, पण धुरा, म्हणजे बांध, बरोबर होता. तुम्ही लगेच त्यांना खुर्ची दिली आणि विचारत सुटलात. ही पांदण आधी कुठून जायची, बैलबंड्या कोणत्या उताराला लागायच्या, पोळ्याचं तोरण कुठं बांधायचे. मी वही उघडली ती त्या संध्याकाळी. आज त्या वहीत गावातल्या म्हाताऱ्या बायांनी सांगितलेलं जेवढं आहे तेवढं कुठल्याच कचेरीत नसेल, आणि ते तुमच्या त्या एका खुर्चीमुळं आहे.

नंतरच्या शनिवारांना तुम्ही आम्हाला कागद वाचायला शिकवलंत. मालगुजारी म्हणजे काय, हे आमच्या पिढीला मालगुजाराच्या पडक्या वाड्यापलीकडं ठाऊक नव्हतं. इंग्रजांनी १८६० च्या दशकात जमीन मोजून सारा ठरवला, त्या बंदोबस्तात गावाची मालकी मालगुजाराच्या नावे लावली आणि ती १९५१ पर्यंत चालली. या मधल्या काळात कुळानं काय दिलं, काय सोसलं, हे तुम्ही एकेक नोंद उलगडत सांगितलं. निस्तार पत्रकात गावाच्या चराईचे, सरपणाचे, मुरूम-मातीचे हक्क लिहिलेले असतात आणि वाजिब-उल-अर्जमध्ये वहिवाटीचे, पाण्याचे, मासेमारीचे रिवाज, हे मी पहिल्यांदा तुमच्याकडून ऐकलं. ही नावं आम्हाला भारी वाटायची. तुम्ही म्हणालात, "घाबरू नका, यात तुमच्या बकऱ्या कुठं चरत होत्या तेच लिहिलेलं आहे." तेव्हापासून ग्रामसभेत पांदणीचा वाद निघाला की बायासुद्धा उठून विचारतात, निस्तार पत्रकात काय आहे ते काढा. काकाजी, हे फार मोठं काम झालं आहे. तुम्ही त्याला काम समजत नाही, ही गोष्ट वेगळी.

रीठीबद्दल तर मला सविस्तरच लिहायचं आहे. आपल्या शिवाराला लागून एक रीठी आहे, उजाड गाव. जिल्ह्याच्या कागदपत्रांत अशी किती तरी मौजे आहेत, नावापुढं कंसात 'रीठी' लिहिलेली, जिथं वस्ती म्हणून कुणी नाही. आपल्या रीठीबद्दल लहानपणापासून जे सांगितलं जायचं ते सगळं भीतीचंच होतं. कुणी म्हणे मातामाय कोपली, कुणी म्हणे एका बाईचा शाप. सांजेनंतर तिकडं कुणी फिरकत नसे.

तुम्ही आम्हाला तिकडं नेलंत ते कापूस वेचून झाल्यावर, भर उन्हात. आजूबाजूला सगळी काळी माती, आणि मधे तेवढाच उंचवटा पांढुरका. शेताला काळी आणि वस्तीच्या जागेला पांढरी असं आपण बोलतो, पण पांढरी पांढरी का दिसते हे कधी कुणी सांगितलं नव्हतं. पिढ्यान्‌पिढ्या चुलीतली राख, शेण, पडलेल्या भिंतींची माती एकावर एक साचत जाते, म्हणून. तुम्ही आम्हाला उकिडवं बसायला लावलंत आणि आपापल्या हाताच्या वेढ्यात जेवढं दिसेल तेवढंच पाहायला सांगितलंत. खापरं दिसायला लागली. जाड कडेची, पातळ, लाल, आतून काळी. जात्याच्या तळीचा एक तुकडा, त्यावरचे टाकीचे घाव अजून हाताला लागत होते. हिरव्या काचेच्या बांगडीचं नखाएवढं टोक. माझ्या जावेनं ते तळहातावर घेतलं आणि बराच वेळ ती काही बोललीच नाही. मग तुम्ही सांगितलंत तसं तिनं ते जिथून उचललं तिथंच परत ठेवलं. उचला, पाहा, जागेवर ठेवा, हा तुमचा नियम. जागा सुटली की वस्तू मुकी होते, असं तुम्ही म्हणाला होता.

परत येताना आमच्यातल्या एकानं खात्रीनं सांगितलं की हे गाव दुष्काळात उठलं असणार. बोलणं पटण्यासारखंच होतं. १८९६-९७ आणि लगेच १८९९-१९००, असे दोन मोठे दुष्काळ या भागानं पाठोपाठ सोसले, आणि १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या तापानं घरंच्या घरं रिकामी केली. तुम्ही 'नाही' म्हणाला नाहीत. "पाहून सांगतो," म्हणालात आणि रेकॉर्ड रूमच्या खेपा सुरू केल्यात. शेवटी पहिल्या बंदोबस्ताच्या कागदात ते गाव आधीच वीरान लिहिलेलं निघालं. म्हणजे दुष्काळाच्याही तीस-पस्तीस वर्षं आधी तिथं दिवा लागत नव्हता. मग का उठलं? मंडळात सगळे तुमच्या तोंडाकडं पाहत होते. "कागद इथवरच बोलतो. पुढचं मी कशाला बोलू?" असं म्हणून तुम्ही नकाशाची घडी घातलीत. वहीत मी तेच लिहिलं आहे: पहिल्या बंदोबस्तापूर्वी ओसाड, कारण नोंदलेलं नाही. मला ती ओळ सगळ्या वहीत जास्त मोलाची वाटते. शापाची गोष्टही आम्ही लिहून ठेवली आहे, पण वेगळ्या पानावर, सांगणारीच्या नावानिशी.

सहलींबद्दल किती लिहू? जुनापाणीला काटोल रोडनं आपण सगळेच कितीदा गेलो असू, पण ती दगडी वर्तुळं उतरून पाहिली ती तुमच्यासोबत. तिथं जवळपास ३०० वर्तुळं आहेत, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातल्या लोकांची, लोखंड घडवणाऱ्या माणसांची स्मारकं. तुम्ही एका काळ्या दगडावरच्या वाटीएवढ्या खळग्यांवरून मुलांना बोट फिरवायला लावलंत. कुणीतरी बसून, मोजून, ओळीत कोरलेले खळगे. त्या दिवसानंतर गावातल्या एका भाऊंनी आपल्या वावरातलं वर्तुळ साफ करायला बोलावलेला जेसीबी परत पाठवला. तुम्ही त्यांना एक शब्दही सुनावला नव्हता, नुसतं जुनापाणीला सोबत नेलं होतं.

टाकळघाटला तुम्ही स्टीफन हिस्लॉप यांची हकीकत सांगितलीत. हिस्लॉप कॉलेज सगळ्यांना माहीत, १८८३ चं. पण ज्यांच्या नावानं ते आहे, ते मिशनरी इथले दगड, जीवाश्म आणि गोंड लोकांच्या कथा गोळा करत हिंडत होते आणि ४ सप्टेंबर १८६३ ला टाकळघाटची अशीच दगडी वर्तुळं पाहून परतताना पुराच्या पाण्यात बुडून गेले, हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. पुढं शंभरेक वर्षांनी डॉ. शां. भा. देव यांनी टाकळघाट-खापा इथं उत्खनन केलं. तुम्ही हे सांगत होता तेव्हा कॉलेजात शिकणारी आपली पोरं अगदी गप्प होती.

आणि नगरधन. तो दिवस मंडळात अजून निघतो. नंदिवर्धन म्हणजेच हे नगरधन, वाकाटकांची राजधानी. गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची लेक प्रभावतीगुप्ता इथून राज्य पाहत होती, मुलगा लहान होता म्हणून. २०१५ नंतर इथं झालेल्या उत्खननात तिच्या नावाची मातीची मुद्रा सापडली, शंखाचं चिन्ह असलेली, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा बाया पुढं सरकून बसल्या. पण तुमचा स्वतःचा आवाज बदलला तो ताम्रपट वाचताना. नंदिवर्धनहून तिनं दिलेला आणि पुण्यात मिळालेला तो दानलेख, जुन्या लेखांचे अभ्यासक वा. वि. मिराशींनी त्याचा जो अर्थ लावला त्याच्या आधारानं तुम्ही मराठीत उतरवून आणला होता. दंगुण नावाचं गाव दान दिलं. कोणतं दंगुण? विलवणकाच्या पूर्वेला, शीर्षग्रामाच्या दक्षिणेला, कदापिंजनाच्या पश्चिमेला, सिदिविवरकाच्या उत्तरेला. तुम्ही कागद खाली केलात आणि म्हणालात, "चतुःसीमा! नोकरीभर मी दुसरं काय लिहिलं?" सोळाशे वर्षांपूर्वी कुणी तरी चार दिशांच्या चार गावांची नावं लिहून एक गाव पक्कं केलं होतं, आणि त्याच रीतीनं तुम्ही आमची वावरं लिहीत आला होता. काकाजी, त्या वेळी तुमच्या चेहऱ्यावर जे होतं ते आम्ही सगळ्यांनी पाहिलं आहे.

त्याच लेखात पुढं सवलती आहेत. सैनिकांनी गावात शिरायचं नाही. फिरतीवरच्या अधिकाऱ्यांना चारा, बसायला कातडी, जाळायला कोळसा द्यायची सक्ती नाही. ते ऐकून सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे बेगार तेव्हापासून होती का जी?" तुम्ही हो म्हणालात. सवलत लिहावी लागते तिथं सक्ती असतेच. मालगुजाराच्या वाड्यावर आपल्या आजेसासऱ्यांनी केलेली बेगार त्यांनी मग तिथंच, पारावर बसून सांगितली. वहीची ती पानं मी गाडीतच पुरी केली. व्याख्यान कशाला म्हणतात हे मला त्या पारावर समजलं.

आणखी एक गोष्ट, जी तुम्ही कधी बोलून दाखवली नाही. सहलीची वेळ तुम्ही नेहमी बायांना विचारून ठरवलीत. सकाळची कामं आटोपल्यावर निघायचं आणि दूध काढायच्या वेळेला घरी पोचायचं. त्यामुळं आमच्या गाडीत अर्ध्याहून जास्त बाया असतात. घरचे आधी कुरकुरले, आता विचारतात, पुढची सहल केव्हा आहे म्हणून. आणि काकूंचे आभार मानल्याशिवाय हे पत्र कसं संपेल? पहाटे उठून ज्वारीच्या भाकरी, ठेचा, वर कांदे, सगळ्यांना पुरेल एवढी शिदोरी त्यांनी प्रत्येक वेळी बांधून दिली. रेकॉर्ड रूमच्या खेपांत तुमचे जे दिवस गेले तेही त्यांच्याच घरातून गेले.

वहीची झेरॉक्स काढून एक प्रत शाळेत आणि एक ग्रामपंचायतीत ठेवली आहे. पहिल्या पानावर तुमचं नाव घालायचं होतं. तुम्ही नको म्हणणार हे माहीत असल्यानं तुम्हाला न विचारताच घातलं आहे. रागवायचं तर माझ्यावर रागवा.

दिवाळीनंतर मनसरची टेकडी बघायला जायचं पक्कं झालं आहे. हिडिंबा टेकडीच्या उत्खननाचं तुम्ही सांगणार आहात, तर तिथल्या जुन्या विटांचं माप घ्यायला टेप मी आणते. या खेपेला गाडीचं भाडं मंडळ देणार. मागच्या वेळी तुम्ही आधीच जाऊन ड्रायव्हरला पैसे देऊन आला होता, म्हणून त्याला आम्ही आत्ताच बजावून ठेवलं आहे.

काकूंना नमस्कार सांगा.

तुमच्या मंडळाची,
वही सांभाळणारी सूनबाई
जि. नागपूर