फूसबॉल टेबलाच्या जाहिरातीत वजन आणि जाडी छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सुट्टीत घरच्या घरी खेळता येतील अशा खेळांवर आपल्या पुरवणीत लेख आला होता. त्यात फूसबॉलला, म्हणजे आडव्या रॉडांवर बसवलेल्या बाहुल्यांनी टेबलावर खेळायच्या फुटबॉलला, चांगली जागा मिळाली, याचा आनंद झाला. पण टेबल निवडायचे कसे, हे सांगताना लेखात फक्त रंग, लांबी आणि गुण मोजायच्या मण्यांचा उल्लेख आहे. शेजारच्या पानावर टेबलांच्या जाहिराती होत्या, त्यांतही तेच. मी व्यवसायाने सुतार आहे आणि खेळाची टेबले दुरुस्त करणे हा माझ्या कामाचा मोठा भाग आहे. माझ्याकडे जी टेबले येतात, त्यांतल्या बहुतेकांचा आजार खरेदीच्या दिवशीच ओळखता आला असता. पोरांनी हट्ट केला, आईबापांनी पै-पै साठवून टेबल आणले आणि वर्षाच्या आत ते कपडे टाकायला वापरात आले, हे पाहून मला खरोखर वाईट वाटते. म्हणून सविस्तर लिहीत आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे: पैसे कमी असतील तर टेबल लहान घ्या, वापरलेले घ्या, दिसायला साधे घ्या, पण पातळ घेऊ नका.

पातळ म्हणजे काय, ते सांगतो. परवाच एक टेबल दुरुस्तीला आले. बाहेरून झकास, पाय रुंद, कडेला चकचकीत पट्ट्या. मध्यरेषेवर चेंडू ठेवला तर तो आपोआप एका बाजूला घरंगळायचा आणि मधल्या दोन रॉडांच्या मध्ये जाऊन बसायचा. तिथे कुठल्याच खेळाडूचा पाय पोचत नव्हता. टेबल उलटे केले. मैदान म्हणून ३ मिलिमीटरचा हार्डबोर्ड चारी बाजूंच्या खाचेत नुसता सरकवलेला होता, खाली एकही आडवी पट्टी नाही. झोळ पडणारच. चेंडू अडकला की मुले कोपराने टेबलावर रेलून हाताने तो काढतात, त्या वजनाने बोर्ड आणखी खाली जातो. मी खालून १२ मिलिमीटरचे प्लायवूड बसवले, त्याला दोन आडव्या पट्ट्या दिल्या आणि मैदान पुन्हा सपाट झाले. पण हा उपाय चौकट धड असेल तरच चालतो. चौकटीचा भुसा-बोर्ड एकदा पाणी पिऊन फुगला की स्क्रू धरत नाही, मग माझ्यासारख्याने कितीही हात चालवला तरी उपयोग नाही.

त्यामुळे दुकानात गेल्यावर पहिली गोष्ट करा, ती म्हणजे वाका आणि टेबलाचे पोट बघा. मैदान किमान अर्धा इंच जाड असावे, पाऊण इंच असेल तर उत्तम. खालून आधाराच्या पट्ट्या आहेत का, ते हात लावून पाहा. मग मैदानाच्या मधोमध तळहाताने दाबा. बोर्ड लवला तर बाकी काही बघायची गरज नाही, पुढच्या टेबलाकडे चला.

वजन विचारायला लाजू नका. स्पर्धेची टेबले साधारण शंभर किलोच्या आसपास किंवा त्याहून जड असतात, आणि ती जड असतात म्हणूनच जोराच्या फटक्याला जागची हलत नाहीत. घरासाठी एवढे लागत नाही. पण पूर्ण आकाराचे टेबल, म्हणजे साधारण पाच फूट लांब, अडीच फूट रुंद आणि तीन फूट उंच, जर तीस किलोच्या आतबाहेर भरत असेल तर त्यात लाकूड किती आणि हवा किती, याचा हिशेब सरळ आहे. त्याच पैशांत चार फुटी टेबल जाड बोर्डाचे मिळत असेल तर डोळे मिटून ते घ्या. लहान मुलांना उंचीच्या दृष्टीनेही ते बरे पडते. फूसबॉल, बिलियर्ड्स आणि एअर हॉकी असे तीन-चार खेळ एकाच टेबलात कोंबलेले असतात, त्यांच्या वाटेला मात्र मी जाणार नाही. वरचा भाग उलटसुलट करता यावा म्हणून त्यात सगळेच हलके ठेवावे लागते, आणि शेवटी एकही खेळ मनासारखा होत नाही.

आता रॉड. चांगल्या टेबलांचे रॉड साधारण १६ मिलिमीटर व्यासाचे असतात, स्वस्तातले बारा-तेराचे. हा फरक नजरेला कळत नाही, पण हाताला लगेच कळतो. बारीक रॉडवर पाच खेळाडूंची मधली फळी असली की जोरात फटका मारताना तो मध्यभागी वाकतो आणि एकदा वाकला की प्रत्येक फेऱ्यात पाय कधी मैदानाला घासतो, कधी वर राहतो. पोकळ रॉड म्हणजे वाईट, असा एक समज आहे, तो खरा नाही. पोकळ रॉड हलका असतो, हाताला चपळ लागतो आणि नावाजलेल्या टेबलांतही वापरतात. त्याची भिंत जाड हवी एवढेच. भरीव पण बारीक रॉडापेक्षा जाड भिंतीचा पोकळ रॉड मी केव्हाही पसंत करीन.

घरात लहान मुले असतील तर रॉडबद्दल आणखी एक गोष्ट. साध्या टेबलात तुम्ही रॉड आत ढकलला की त्याचे दुसरे टोक समोरच्या बाजूने बाहेर येते, नेमके पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या तोंडाच्या उंचीवर. टेलिस्कोपिक रॉड आतल्या आत सरकतात, समोर काही बाहेर येत नाही. फ्रान्सच्या बोंझिनीची टेबले याच रॉडसाठी ओळखली जातात, इटलीच्या गार्लांडोच्या काही टेबलांतही ते मिळतात. पण हे रॉड बनवायला अवघड असतात, आणि अगदी स्वस्त टेबलातले टेलिस्कोपिक रॉड लवकर खडखडायला लागतात. बजेट अगदीच आखडते असेल तर साधेच रॉड घ्या, बाहेर येणाऱ्या टोकांवर जाड रबरी टोप्या आहेत याची खात्री करा आणि बघे टेबलाच्या कडेला नव्हे, गोलच्या बाजूला उभे राहतील हा नियम पहिल्या दिवसापासून लावा.

रॉड जिथे चौकटीतून आत जातो, तिथे बुश असते, म्हणजे रॉड ज्यातून सरकतो आणि फिरतो ते कडे. नायलॉनचे चांगले बुश घरासाठी पुरेसे आहे. ते दोन तुकड्यांचे, बाहेरून सुटणारे आहे का, एवढे बघा, कारण बुश झिजणारच आणि ते बदलता यायला हवे. रॉडला घरातले खाद्यतेल, ग्रीस किंवा गंज काढायचा स्प्रे लावू नका. त्यावर धूळ बसते, तिचा चिखल होतो आणि तोच बुश खातो. शुद्ध सिलिकॉन तेलाचे दोन-तीन थेंब चौकटीच्या बाहेरच्या बाजूने रॉडवर टाका आणि रॉड आतबाहेर करा, तेवढे पुरते. मैदानावर थेंब पडू देऊ नका.

खेळाडूंची बाहुली रॉडवर कशी बसवली आहे, ते जवळून पाहा. रॉडला आरपार भोक असून त्यातून पिन किंवा बोल्ट गेलेला असेल तर बाहुली फिरत नाही आणि मोडली तर एकटी बदलता येते. बाहुल्या रॉडवरच ओतून घट्ट केलेल्या असतील तर एक पाय तुटला की अख्खा रॉड गेला. माझ्याकडे येणाऱ्या तुटक्या बाहुल्या जवळजवळ सगळ्या पिनेच्या भोकापाशी तडकलेल्या असतात. तिथे प्लास्टिक किती जाड आहे, हे नखाने चाचपून कळते. दुकानदाराला सरळ विचारा की सुट्या बाहुल्या, बुश आणि चेंडू मिळतात का. उत्तर टाळले तर तेही उत्तरच समजा.

गोलकीपरबाबत ग्राहक नेहमी गोंधळतात. काही टेबलांत गोलपाशी एकच खेळाडू असतो, काहींत तीन. ही केवळ आवड नाही, त्यामागे कारण आहे. एकट्या गोलकीपरचा पाय कोपऱ्यापर्यंत पोचत नाही, म्हणून अशा टेबलाचे कोपरे थोडे उचललेले असावे लागतात, म्हणजे चेंडू परत खेळात येतो. तीन खेळाडू असतील तर कडेचे दोघे कोपरे सांभाळतात आणि मैदान पूर्ण सपाट ठेवता येते. अमेरिकेच्या टॉर्नेडो टेबलांची रचना अशी आहे. यातले काहीही घ्या. पण एकच गोलकीपर आणि कोपरे सपाट, असे टेबल दिसले तर ते खेळून न बघताच तयार केले आहे असे समजा. त्यावर दर दोन मिनिटांनी हात घालून चेंडू काढावा लागतो, आणि मग तीच कोपराची आणि झोळाची कथा.

कमी पैशांत सर्वात चांगला मार्ग माझ्या मते वापरलेल्या जड टेबलाचा आहे. एखादे कार्यालय किंवा क्लब बंद होताना टेबल काढून टाकतात, तेव्हा चौकशी करावी. जाड चौकटीच्या टेबलाला ओरखडे, पुसलेले आकडे, झिजलेल्या मुठी असल्या तरी घाबरू नका, हे सगळे बदलता येते. बघायचे ते एवढेच: चेंडू मध्यावर ठेवला तर तो स्थिर राहतो का, एकेक रॉड अगदी सावकाश फिरवला तर प्रत्येक बाहुलीचा पाय मैदानापासून सारख्याच अंतरावर राहतो का, पायाखालून चेंडू निसटत तर नाही ना, आणि टेबलाच्या समोरासमोरच्या कोपऱ्यांना धरून हलवले तर पाय करकरतात का. चेंडू घरंगळला तर लगेच नाकारू नका. आधी पायांखालचे लेव्हलचे स्क्रू फिरवून पाहा, अनेकदा दोष जमिनीचा असतो. खालच्या कडांवर ओल लागल्याचे फुगवटे दिसले तर मात्र फुकट मिळाले तरी आणू नका.

घरी आणण्याआधी जागा मोजा, आणि नुसत्या टेबलाची नाही. दोन्ही बाजूंनी रॉड बाहेर येतात आणि त्यांच्या मागे माणसे उभी राहतात. आठ फूट बाय सात फूट मोकळी जागा नसेल तर पूर्ण आकाराचा आग्रह सोडावा. जोडणी करताना दोन माणसे लागतात. स्क्रू शेवटी हातानेच आवळा. मशीनने आवळले की एमडीएफमधला, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेल्या बोर्डातला, आटा तिथेच मरतो. आणि पिना ठोकण्याआधी सगळ्या बाहुल्यांची तोंडे योग्य दिशेला आहेत ना, ते दोघांनी मिळून तपासा. महिनाभराने सगळे बोल्ट पुन्हा एकदा आवळावे लागतातच.

एक गोष्ट पालकांना मुद्दाम सांगावीशी वाटते. मूठ गरगर फिरवणे म्हणजे फूसबॉल नव्हे. हा खेळ जुना आहे. हॅरोल्ड थॉर्नटन या इंग्रज गृहस्थांना अशा टेबलाचे पेटंट १९२३ मध्ये मिळाले. २००२ पासून त्याचा आंतरराष्ट्रीय महासंघही आहे, आणि त्याच्या नियमांत चेंडूला लागण्याआधी किंवा लागल्यानंतर रॉड पूर्ण एका फेऱ्याहून जास्त फिरवायला बंदी आहे. घरात हा एक नियम पाळला तरी बाहुल्या आणि बुश कितीतरी जास्त टिकतात. शिवाय मुले चेंडू पायाखाली थांबवायला शिकतात, शेजारच्या खेळाडूकडे पास द्यायला शिकतात, समोरच्याच्या मनगटाकडे बघायला शिकतात. त्या वयात डोळे आणि हात असे एकत्र चालताना पाहणे हे मला या कामातले सर्वात मोठे समाधान वाटते, आणि चेंडू सरळ न धावणाऱ्या टेबलावर ते कधीच घडत नाही. तिथे मूल गरगर फिरवायलाच शिकते, कारण दुसरे काही जमतच नाही.

आता आपल्याकडे विनंती. फर्निचरच्या जाहिरातीत लाकूड कोणते ते छापतात, पंख्याच्या जाहिरातीत वीज किती लागते ते छापतात. फूसबॉल टेबलाच्या जाहिरातीत एकूण वजन, मैदानाची जाडी, रॉडचा व्यास आणि सुटे भाग मिळतात की नाही, एवढे छापावे असे आपण जाहिरातदारांना सुचवू शकता. आपल्या पुरवणीत पुन्हा हा विषय आलाच, तर याच चार गोष्टींचा तक्ता त्यात द्यावा. त्यासाठी टेबले उलटी करून मोजमापे घ्यायची असतील तर मला कळवा, मापपट्टी घेऊन मी स्वतः येईन.

आपला नम्र,
एक वाचक, व्यवसायाने सुतार