अचूकता ही हौस नव्हे

अणूंनी शोषलेल्या लहरींच्या वारंवारतेवरून वेळ मोजणाऱ्या अणुघड्याळांवरील आपल्या रविवारच्या लेखात अधिक अचूकतेच्या ध्यासाला ‘शास्त्रज्ञांची हौस’ म्हटले आहे. ते पटले नाही. जर्मनीतील पीटीबी या मापनसंस्थेत १३ इलेक्ट्रॉन काढलेला आर्गॉनचा आयन (विद्युतभारित अणू) बेरिलियमच्या आयनासोबत सापळ्यात थंड करून लेसरने तपासला गेला. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगाने अशा आयनांच्या वर्णपटमापनाची, म्हणजे ते नेमक्या कोणत्या वारंवारतेचा प्रकाश शोषतात हे मोजण्याची, अचूकता सुमारे दहा कोटी पटींनी वाढवली. दहा कोटी! उरलेले पाच इलेक्ट्रॉन केंद्रकाशी इतके घट्ट बांधलेले असतात, की बाहेरील विद्युतक्षेत्राचा त्यांच्यावर फारसा परिणाम होत नाही. निसर्गाचे स्थिरांक, म्हणजे निसर्गनियमांतील न बदलणारे मानलेले आकडे, खरोखर स्थिर आहेत का, हे तपासायला अशा प्रकारचे काही आयन म्हणूनच मोलाचे ठरतात. लेखात या प्रश्नाचा साधा उल्लेखही नसावा, हे खटकले.