विषय : अस्सल म्हणून पाठवलेल्या रोमन नाण्यांच्या ओतीव नकलांबाबत

मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग,

स.न.वि.वि.

तुमच्या संकेतस्थळावरून मी सम्राट टायबेरियसची (इ.स. १४ ते ३७) दोन चांदीची डिनेरियस नाणी घेतली. 'दक्षिण भारतात सापडलेली, शंभर टक्के अस्सल' असे तिथे लिहिले होते. ऑगस्टस आणि टायबेरियसची नाणी दक्षिणेत खरोखरच भरपूर सापडली आहेत. तुमच्या जाहिरातीत खरे तेवढेच.

अस्सल डिनेरियस साधारण ३.७ ग्रॅम भरतो. तुमची नाणी सराफाच्या काट्यावर ३ ग्रॅमही भरली नाहीत. झिजलेले नाणे हलके भरते, म्हणून नुसत्या वजनावर मी भांडत नाही. पण झिजताना आधी उंचवटे सपाट होतात : गाल, कानावरचे केस. इथे तेच शाबूत आणि कडेची अक्षरे मात्र मेणासारखी बुळबुळीत. नाण्याच्या मोकळ्या जागेत भिंगाखाली बारीक खड्डे दिसतात, ते ओतताना राहिलेल्या हवेचे. कडेला साच्याच्या जोडाची रेघ कानशीने घासली आहे, तीही अर्धवट.

दोन्ही नाणी इतकी हुबेहूब कशी, असे विचारल्यावर तुमच्या प्रतिनिधीचे उत्तर : "दोन्ही नाणी एकाच ठशाची आहेत, म्हणून सारखी दिसतात." रोमन टांकसाळीत प्रत्येक चकती ठशांमध्ये ठेवून हातोड्याने ठोकत. एकाच ठशाने चित्र सारखे उठेल, पण चकतीचा आकार, कडेची चीर, चित्र किती सरकले हे दर नाण्यात वेगळे असते. या दोन नाण्यांत सम्राटाच्या मानेवरचा खड्डा तर एकच आहेच, कडेची चीरही त्याच जागी, तेवढीच. म्हणजे दोन्ही एकाच नाण्यावरून घेतलेल्या साच्यात ओतली आहेत. ठशाच्या नावावर हे कसे खपेल?

शिवाय पुरावस्तू व कलासंपदा कायदा, १९७२ प्रमाणे अशा वस्तूंच्या विक्रीला परवाना लागतो. नाणी अस्सल असतील तर परवाना क्रमांक कळवा. नसतील तर सोबतचे 'प्रमाणपत्र' कुणी आणि कशाच्या आधारावर दिले, ते कळवा.

प्रतिकृती विकायला माझी हरकत नाही, त्यावर तसे लिहा आणि किंमतही तशी लावा. माझे पूर्ण पैसे टपालखर्चासह १५ दिवसांत परत करावेत आणि ती जाहिरात काढावी, अन्यथा मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन. नाणी परत न्यायला माणूस तुम्ही पाठवायचा.

सोबत : पावती, प्रमाणपत्राची प्रत, दोन्ही नाण्यांच्या कडांचे फोटो.

आपला,
एक ग्राहक