गृहविम्याची रक्कम बाजारभावावर लावून जादा प्रीमियम घेतल्याबद्दल तक्रार

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
गृहविमा विभाग, विभागीय कार्यालय.

विषय: भारत गृह रक्षा पॉलिसीची विमा रक्कम दुरुस्त करून जादा घेतलेले ६,५९६.२० रुपये परत मिळण्याबाबत.

महोदय/महोदया,

घोडबंदर रोडवर कासारवडवली येथे असलेल्या आमच्या फ्लॅटच्या पॉलिसीचे नूतनीकरण आपण केले आणि ९,४४० रुपये खात्यातून वळते करून घेतले. पॉलिसीचे तपशील देणारे शेड्यूल आल्यावर ते ओळीने तपासले आणि आणखी दोन कंपन्यांची कोटेशने शेजारी ठेवली. मूळ दोष एकच निघाला. विमा रक्कम चुकीच्या पायावर काढली आहे, आणि पुढचे सगळे आकडे त्या चुकीवर उभे आहेत.

शेड्यूलमध्ये चटई क्षेत्र ६० चौरस मीटर, म्हणजे साधारण ६४६ चौरस फूट, असे बरोबर लिहिले आहे. त्याच्या शेजारी इमारतीची विमा रक्कम १ कोटी २० लाख रुपये आहे. भागाकार केला तर दर चौरस मीटरला २ लाख रुपये पडतात, फुटाला सुमारे १८,५८०. हा घोडबंदरचा विक्रीचा भाव झाला. बांधकामाचा खर्च तो नव्हे. भारत गृह रक्षा या प्रमाणित गृहविमा पॉलिसीत इमारतीची विमा रक्कम काढण्याची रीत ठरलेली आहे: चटई क्षेत्र गुणिले पॉलिसी सुरू होतानाचा बांधकामाचा प्रति चौरस मीटर खर्च. जमिनीची किंमत त्यात येत नाही. वडाळा ते कासारवडवली मेट्रो ४ मुळे आमच्या भागातले भाव चढले असतील, पण त्याने आमच्या भिंतीतल्या सळईची किंवा सिमेंटची किंमत बदलली नाही. नवी मुंबईत तर सिडकोची जमीन मुळात भाडेपट्ट्याची असते. तिथल्या फ्लॅटधारकाला हाच हिशोब लावला, तर तो स्वतःच्या मालकीच्या नसलेल्या जमिनीवरही प्रीमियम भरेल.

चूक शिरते कुठे, तेही सांगतो. आपल्या ऑनलाइन अर्जात ‘तुमच्या घराची किंमत’ असा रकाना आहे. घरमालक तिथे साहजिकच करारनाम्यातली किंवा इस्टेट एजंटने सांगितलेली रक्कम टाकतो, आणि अर्ज ती तशीच इमारतीची विमा रक्कम म्हणून पुढे नेतो. चटई क्षेत्राचा रकाना खाली आहे, पण तो गणितात वापरलाच जात नाही. बांधकामाचा दर विचारणारा रकाना तर कुठेच नाही. आपल्याच संगणकात क्षेत्रफळ आणि रक्कम दोन्ही असताना चौरस मीटरला २ लाखांचा दर कोणाच्या नजरेत कसा आला नाही, याचे उत्तर आम्हाला हवे आहे.

फरशी, प्लंबिंग, वायरिंग, खिडक्या आणि भिंतीला कायम बसवलेली कामे धरून आम्ही चौरस मीटरला ४०,००० रुपये, म्हणजे फुटाला सुमारे ३,७१६ रुपये, दर घेतला आहे. ६० गुणिले ४०,००० म्हणजे २४ लाख. आपले अभियंते दुसरा दर सांगत असतील तर तो कारणासह कळवावा, आम्ही विचार करू. मात्र तो बांधकामाचाच दर असला पाहिजे.

कस्टमर केअरने आम्हाला सांगितले की, ‘किंमत कमी लावली तर क्लेम त्या प्रमाणात कापला जाईल.’ याला आमचा सर्वांत तीव्र आक्षेप आहे, कारण या भीतीपोटीच माणूस जादा रक्कम मान्य करतो. जुन्या पद्धतीच्या अग्निविम्यात तसे होत असे: २४ लाखांच्या वास्तूचा विमा १२ लाखांचा असेल, तर २ लाखांच्या नुकसानीपोटी १ लाखच हाती पडत. १ एप्रिल २०२१ पासून लागू झालेल्या भारत गृह रक्षा पॉलिसीत ही कपात काढून टाकली आहे. क्षेत्रफळ खरे सांगितले असेल, तर विमा रक्कम कमी आहे म्हणून दावा कापता येत नाही. शिवाय इमारतीची विमा रक्कम वर्षाला १० टक्क्यांनी आपोआप वाढत जाते, म्हणजे २४ लाखांचे वर्षअखेर २६ लाख ४० हजार होतात. साहित्य महागण्याची सोय मूळ पॉलिसीतच आहे. आपले प्रतिनिधी जी भीती घालतात, तिला आपल्याच पॉलिसीत आधार नाही.

उलट बाजूही पाहावी. स्वयंपाकघरात आग लागून भिंती आणि वायरिंग खराब झाले, तर मिळणार आहे तो दुरुस्तीचा खर्च. विमा रक्कम २४ लाख असो की १ कोटी २० लाख, दुरुस्तीचे बिल तेवढेच राहते. राहिला प्रश्न इमारत पूर्ण कोसळण्याचा. तसे झाले तर १ कोटी २० लाख रुपये आम्हाला देणार का, याचे उत्तर लेखी द्यावे. फोनवर तीनही वेळा ‘सर्व्हेअर ठरवेल’ एवढेच सांगण्यात आले. जी रक्कम देण्याची हमी कंपनी देत नाही, तिच्यावर पूर्ण प्रीमियम घेणे आम्हाला मान्य नाही.

प्रतिनिधीने दुसरे कारण दिले ते सामानाचे. घरातल्या सर्वसाधारण सामानाला इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के संरक्षण यादी न देता मिळते, म्हणून रक्कम मोठी ठेवलेली बरी, असे ते म्हणाले. पण त्याला १० लाखांची मर्यादा आहे, हे त्यांनी सांगितले नाही. १ कोटी २० लाखांचे २० टक्के २४ लाख होतात, मिळतात १० लाखच. म्हणजे इमारतीची रक्कम ५० लाखांवर गेली की त्यापुढच्या रुपयाने सामानाला काहीच लाभ नाही. आम्हाला सामानासाठी ८ लाख पुरेसे आहेत. २४ लाखांवर आपोआप ४ लाख ८० हजार मिळतात, उरलेल्यासाठी वस्तूंची यादी जाहीर करता येते, आणि ती या पत्रासोबत जोडली आहे. दागिने यात मोजलेले नाहीत. मौल्यवान वस्तूंचे संरक्षण वेगळे आणि आधी मान्य केलेल्या किमतीवर असते, ते आम्हाला नको आहे.

आता प्रीमियम. आपला मूळ प्रीमियम ३,६०० रुपये आहे, म्हणजे हजारी ३० पैसे. तोच दर २४ लाखांना लावला तर ७२० रुपये होतात. सामानाच्या पूर्ण ८ लाखांनाही तोच लावला तर २४० रुपये. दोन्ही मिळून ९६०. आपला दर महाग नाही, हे आम्ही मोकळेपणाने लिहितो. दर वाजवी आहे, रक्कम फुगवलेली आहे, आणि ग्राहक फक्त शेवटचा आकडा पाहत असल्यामुळे दोन्हींतला फरक त्याला दिसत नाही.

या ३,६०० वर चार अॅड-ऑन (मूळ पॉलिसीला जोडायची जादा संरक्षणे) आमची संमती न घेता आधीच टिक केलेले होते: घरफोडी १,४५०, वैयक्तिक अपघात ५००, इलेक्ट्रॉनिक उपकरणांचा बिघाड २,१५० आणि कुलूप-किल्ली ३००.

घरफोडीचे संरक्षण आम्हाला हवे आहे, ते ठेवावे. मूळ पॉलिसीत चोरीचा भाग फारच अरुंद आहे: आग, पूर यांसारखी विमित घटना घडल्यावर, तिच्यामुळे, ७ दिवसांच्या आत झालेली चोरी. बंद घराचे कुलूप तोडून झालेली चोरी त्यात बसत नाही, हे बहुतेक घरमालकांना माहीत नसते. आपल्या कोटेशनमध्येही ते लिहिलेले नाही. घरकामाला येणाऱ्या व्यक्तीने केलेली चोरी आणि कुलूप न तुटता झालेली चोरी या अॅड-ऑनमध्ये धरली आहे की नाही, हे स्पष्ट करावे.

वैयक्तिक अपघाताची ओळ दिशाभूल करणारी आहे. ‘पती-पत्नी प्रत्येकी ५ लाख अपघात विमा’ असे वाचून कोणालाही वाटेल की रस्त्यावरचा किंवा लोकलमधला अपघातही यात येतो. प्रत्यक्षात, ज्या विमित घटनेत घराचे नुकसान झाले त्याच घटनेत मृत्यू झाला तरच ही रक्कम मिळते. हे त्याच ओळीत लिहायला हवे. हे संरक्षण रद्द करावे.

उपकरणांच्या बिघाडाच्या संरक्षणाची गरज खरी आहे, किंमत वाजवी नाही. वीज जाऊन परत येताना दाब वाढून एसीचा पीसीबी (इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्ड) जळाला, तर मूळ पॉलिसी त्या एसीचे पैसे देत नाही. शॉर्ट सर्किट किंवा जादा दाबाने खुद्द त्या उपकरणाचे झालेले नुकसान वगळलेले आहे. तिथून आग पसरून पडदे, फर्निचर जळाले तर तेवढे नुकसान मात्र मिळते. ही पोकळी भरायला आपण करासह २,५३७ रुपये घेता, संरक्षण १ लाखाचे, दर दाव्यात पहिले २,५०० रुपये ग्राहकाचे, आणि ७ वर्षांहून जुनी उपकरणे बाद. पीसीबी दुरुस्तीचे बिल बहुधा या २,५०० च्या आसपासच थांबते. हेही रद्द करावे. कुलूप-किल्लीचे तर काहीच नको.

कोटेशनच्या दुसऱ्या पानावर तुलनेचा तक्ता आहे. त्यात भूकंप, पूर, वादळ, दरड, दंगल, दहशतवाद यांपुढे आपल्या रकान्यात हिरव्या खुणा आहेत आणि ‘इतर कंपन्या’ या रकान्यात फुल्या. हा तक्ता खोटा आहे. भारत गृह रक्षा ही प्रमाणित पॉलिसी आहे, घराचा अग्निविमा विकणाऱ्या प्रत्येक कंपनीला ती द्यावी लागते, आणि या सर्व जोखमी तिच्या मूळ मसुद्यातच आहेत. कंपन्यांमध्ये फरक असतो तो दराचा, अॅड-ऑनच्या अटींचा आणि दावा हाताळण्याचा. नेमकी हीच माहिती तक्त्यात नाही. इमारत २४ लाख, सामान ८ लाख आणि सामानावर घरफोडी, एवढीच मागणी आम्ही दोन कंपन्यांना समान शब्दांत दिली. करासह २,६९० आणि ३,१२० रुपये अशी कोटेशने आली. आपल्या दराने हाच हिशोब २,८४३.८० रुपये होतो.

पावसाबद्दल आपले प्रतिनिधी जे सांगतात, तेही थांबायला हवे. ‘पावसाने झालेले सगळे नुकसान कव्हर आहे’ हे वाक्य ठाण्यातल्या घरमालकाला सांगणे फार जबाबदारीचे आहे, कारण इथली नेहमीची तक्रार पुराची नसून ओलीची आहे. बाहेरच्या प्लास्टरला तडे जाऊन पाणी हळूहळू आत झिरपते, भिंतीला बुरशी येते, पीओपी फुगते. हे कोणत्याही विमित घटनेत बसत नाही. वरच्या मजल्यावरचा पाइप फुटून छत भिजले तर ते बसते. वरच्या बाथरूमचे वॉटरप्रूफिंग गेल्यामुळे महिनोन्महिने टपकत असेल तर ते बसत नाही. तौक्तेसारख्या वादळात खिडकी निखळून घरात पाणी आले तर बसते. येऊरच्या उतारालगत दरड कोसळली तर बसते, पण नव्या इमारतीच्या नेहमीच्या खचण्याने भिंतीला गेलेले तडे वगळलेले आहेत. त्यासाठी ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांपर्यंत रेरा कायद्याने विकासकाला धरता येते. तळमजल्यात पाणी शिरून मीटर रूम, लिफ्टचा खड्डा, पंप बुडाले तर तो सोसायटीच्या पॉलिसीचा विषय, आणि पार्किंगमधल्या गाडीचा विषय मोटार विम्याचा. एवढे अर्ध्या पानात मराठीत छापून कोटेशनसोबत देता येईल, आणि ते द्यावे.

सोसायटीचा प्रश्नही अर्जात विचारला गेला नाही. आमच्या सोसायटीने इमारतीचा आग आणि भूकंपाचा विमा घेतलेला आहे, त्याची प्रत जोडली आहे. एकाच भिंतीच्या नुकसानीचे पैसे दोनदा मिळत नाहीत. तेव्हा दोन्ही पॉलिसी असताना दावा कसा हाताळणार, हे कळवावे.

आमच्या मागण्या अशा. इमारतीची विमा रक्कम २४ लाख आणि सामानाची ८ लाख करून, घरफोडीखेरीज बाकी अॅड-ऑन काढून, नूतनीकरणाच्या पहिल्या दिवसापासून लागू होईल असे दुरुस्त शेड्यूल द्यावे. ९६० अधिक १,४५० म्हणजे २,४१० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी ४३३.८० धरून २,८४३.८० रुपये ठेवून घ्यावेत आणि उरलेले ६,५९६.२० रुपये त्याच खात्यात परत करावेत. वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्यावरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ मध्ये शून्यावर आला, गृहविम्यावर तो आहेच. त्यामुळे जादा प्रीमियमवर १,००६.२० रुपयांचा करही आमच्याकडून गेला आहे, तोही या परताव्यात धरला आहे. आमच्या नावाने भरलेल्या प्रस्ताव अर्जाची प्रत द्यावी, म्हणजे रक्कम कोणी आणि कशी टाकली ते दिसेल. आणि ऑनलाइन अर्जातला ‘घराची किंमत’ हा रकाना काढून तिथे चटई क्षेत्र आणि बांधकाम दर विचारावेत. ही शेवटची मागणी आमच्यापुरती नाही. आमच्या सोसायटीतच हा अर्ज भरलेले इतर सदस्य आहेत.

दोन आठवड्यांत लेखी उत्तर मिळावे. समाधानकारक उत्तर न आल्यास विमा नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवर तक्रार नोंदवू, आणि महिना उलटल्यावर ठाण्यातील विमा लोकपालांकडे जाऊ. दुरुस्ती होईपर्यंत चालू पॉलिसी रद्द करू नये. घर एक दिवसही विम्याविना राहता कामा नये.

आपले,
फ्लॅटचे सहमालक (दोघांच्या सह्या)
कासारवडवली, ठाणे (पश्चिम)

सोबत: शेड्यूल आणि कोटेशनची प्रत, करारनाम्यातील चटई क्षेत्राचे पान, सामानाची किमतीसह यादी, सोसायटीच्या पॉलिसीची प्रत, दोन कंपन्यांची कोटेशने.