गिटारचा रंग नको, आधी फ्रेट घासा

महोदय,

गेल्या वर्षी मुलाला एका भारतीय कंपनीची इलेक्ट्रिक गिटार घेतली. दिसायला झकास, लालचुटुक. पण नाशिकच्या कोरड्या उन्हाळ्यात मानेवरचे लाकूड आकसले आणि फ्रेटच्या धातूच्या पट्ट्यांची टोके कडेला बाहेर आली. हात वरखाली सरकवला की ओरखडा! त्यात नटच्या, म्हणजे मानेच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या, खाचा उथळ, त्यामुळे पहिल्या फ्रेटवर तार उंच. एफ कॉर्ड (एका बोटाने अनेक तारा दाबाव्या लागणारा स्वरमेळ) दाबताना पोराच्या डोळ्यांत पाणी. कॉलेज रोडजवळच्या एका कारागिराने बारीक कानस फिरवून दोन्ही दोष तासाभरात काढले. हे काम कारखान्यातच का होत नाही?

नवनव्या करामतींचा सोस नको. गिब्सन या अमेरिकी गिटार कंपनीने २०१५ च्या बहुतेक मॉडेलांना आपोआप सूर लावणाऱ्या खुंट्या बसवून किमती वाढवल्या. वादकांनी नाके मुरडली आणि साध्या खुंट्या परत आणाव्या लागल्या. त्यापेक्षा नवशिक्यांसाठी स्केल, म्हणजे तारेची वाजणारी लांबी, फेंडर या दुसऱ्या अमेरिकी कंपनीसारखी साडेपंचवीस इंची न ठेवता पावणेपंचवीस इंची ठेवा. त्याच तारा बोटांना मऊ लागतात.

विक्रीचे म्हणाल तर, आमच्याकडे दुकानात गिटार प्लास्टिकमध्ये गुंडाळून टांगलेली असते. आवाज मोठा करणारा अँप (अँप्लिफायर) मागितला तर 'घेणार असाल तर काढतो' असे उत्तर मिळते. (साडी तरी आधी उलगडून दाखवतात!) कंपनीने प्रत्येक विक्रेत्याकडे एक छोटा अँप आणि वाजवायला एक उघडी गिटार ठेवावी. खुंट्या, स्विच असे सुटे भागही तिथेच मिळावेत. एका स्विचसाठी आम्ही दीड महिना थांबलो.

– एक पालक, गंगापूर रोड, नाशिक