‘तांत्रिक बिघाड’ म्हणजे नेमका कसला, तेही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ऑगस्ट उजाडला की तुमच्या पेपरात अधूनमधून एक छोटी बातमी असते. ‘तांत्रिक बिघाडामुळे बोट भरकटली, खलाशी सुखरूप.’ सुखरूप वाचून जीव भांड्यात पडतो. पण बिघाड कसला झाला, ते कधीच नसतं. चौतीस वर्षं मी मच्छीमार बोटींवर इंजिन ड्रायव्हर होतो. नेमका भाग छापला तर शेजारच्या बंदरातला दुसरा ड्रायव्हर त्याच रात्री आपलं इंजिन उघडून बघेल, म्हणून हे पत्र.

घरचीच गोष्ट सांगतो. पुतण्याची बोट हर्णैची, सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन. पावसाळ्यात आंजर्ल्याच्या खाडीत उभी असते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, म्हणजे ६१ दिवस इंजिन गप्प. बंदी उठल्यावर पहिल्यांदा सुरू केलं तेव्हापासूनच ते बॅक मारत होतं, म्हणजे उलटे बार काढत होतं. फाट... फाट... असा ठरावीक अंतराने आवाज. बोटीचा तांडेल, म्हणजे प्रमुख खलाशी, म्हणाला, दोन महिने उभं होतं, गरम झालं की सुटेल. बर्फ भरला, डिझेल भरलं, निघाले. सुवर्णदुर्गाच्या बाहेर लोड दिल्यावर बंदुकीचा बार उडावा तसे आवाज येऊ लागले आणि इंजिनाची ताकद गेली. त्या भागात खडक आहेत. बोट वाऱ्यावर गेली असती तर काय झालं असतं, ते मला लिहवत नाही. दुसऱ्या बोटीने दोर टाकून ओढत आणली.

शहरातून मेकॅनिक आला. आवाज ऐकताच म्हणाला, सिलिंडरला डिझेल ढकलणारा पंप गेला. पंप उतरवला, कॅलिब्रेशनला, म्हणजे तपासून मापात लावायला गेला. नऊ दिवस आणि बावीस हजार रुपये. मोसमातले पहिले नऊ दिवस! भरलेला बर्फ होल्डमध्येच पाणी झाला. पंप बसवला, इंजिन चालू केलं, आणि पुन्हा फाट.

मग पुतण्याने मला बोलावलं. मी आधी हत्याराला हात लावला नाही, आवाज कुठून येतो ते ऐकलं. सगळ्या ड्रायव्हरांना माझं एवढंच सांगणं आहे. बार सायलेन्सरच्या बाजूला फुटतो की हवा आत घेण्याच्या बाजूला, हे आधी ठरवा. सायलेन्सरमध्ये फुटत असेल तर न जळलेलं डिझेल तिथे जाऊन पेटतंय. डिझेल फवारणारं नोझल गळतंय का, टायमिंग म्हणजे डिझेल उडण्याची वेळ मागे पडलीय का, जळलेला वायू बाहेर सोडणारा एक्झॉस्ट वॉल्व्ह नीट बसतोय का, ते बघायचं. आवाज हवेच्या बाजूला असेल तर संशय आधी वॉल्व्हवर घ्यायचा, पंपावर नाही. पुतण्याच्या इंजिनाचा एअर फिल्टर काढला, तर आतली बाजू काजळीने काळी. हवा आत यायच्या वाटेवर काजळी आली कुठून? जळलेला वायू उलटा येत होता.

मग कुठलं सिलिंडर ते शोधलं. इंजिन स्लोवर ठेवायचं आणि नोझलच्या पाइपचा नट एकेक करून अर्धा आटा सैल करायचा. वर फडकं धरायचं आणि हात लांब ठेवायचा, त्या दाबाचं डिझेल कातडीत घुसतं. चांगल्या सिलिंडरचा नट सैल केला की इंजिन लगेच पडतं, म्हणजे त्याचे फेरे कमी होतात. चौथ्याचा सैल केला तर इंजिन पडलं नाही, उलट बारच निम्म्यावर आला. चोर सापडला.

इंजिन बंद केलं, डिझेल तोडणारा स्टॉपचा दांडा ओढून बांधला, वॉल्व्हवरचं झाकण (टॅपेट कव्हर) काढलं आणि फ्लायव्हीलचं जड चाक पहारीने हळूहळू फिरवायला लावलं. वॉल्व्ह दाबून उघडणाऱ्या बारा रॉकरांपैकी अकरा वरखाली होत होते. चौथ्याचा एक्झॉस्ट रॉकर जागचा हलेना. रॉकरला खालून ढकलणारी सळई, म्हणजे पुशरॉड, काढून केबिनच्या काचेवर ठेवून बोटाने घरंगळवली, तर ती डुगडुगत गेली. मधेच वाकलेली. 

झालं असं होतं. दोन महिन्यांच्या दमट, खाऱ्या हवेत एक्झॉस्ट वॉल्व्हची दांडी गाइडमध्ये, म्हणजे ती ज्या नळीत सरकते तिच्यात, गंजून धरली. सायलेन्सरचं तोंडही उघडंच होतं, पाऊस आत जात होता. पहिल्या स्टार्टला कॅमने (फिरणाऱ्या दांड्यावरच्या उंचवट्याने) पुशरॉडला वर ढकललं, वॉल्व्ह हलला नाही, रॉड वाकली. मग जळलेल्या वायूला बाहेर जायला वाट राहिली नाही. तो सिलिंडरमध्येच कोंडून राहायचा आणि हवा आत घेणारा इनलेट वॉल्व्ह उघडला की तिकडून उसळून बाहेर पडायचा. पंपाचा यात काही दोष नव्हता.

वॉल्व्ह रॉकेल आणि ऑइल सोडून, वरखाली करून मोकळा केला, सरळ आहे ना ते पाहिलं, नवी पुशरॉड घातली, रॉकर आणि वॉल्व्हमधला, इंजिनाच्या पुस्तकात दिलेला गॅप फीलर गेजच्या पातळ पट्टीने लावला. रॉड पाचशेच्या आत आली. त्याच संध्याकाळी इंजिन स्वच्छ आवाजात चाललं.

बंदीच्या दिवसांत सायलेन्सरच्या तोंडावर डबा उपडा घाला. आठवड्यातून एकदा स्टॉप ओढून इंजिन हाताने दोन फेरे फिरवा, वॉल्व्हच्या दांड्यांवर ऑइलचे थेंब सोडा. मोसमाआधी डिझेल फिल्टरच्या तळाचं पाणी बाटलीत काढून बघा. दहा मिनिटांत पाणी खाली बसतं, डिझेल वर राहतं. आणि पंप काढावाच लागला तर आधी टायमिंगची खूण मारून घ्या.

प्लग, कॉइल आणि कार्बोरेटरचे जे उपाय मोबाइलवर फिरतात, ते पेट्रोल इंजिनाचे. आपल्या डिझेलला प्लगची ठिणगीच नसते. पण कोणाच्या बोटीच्या पोटात पेट्रोलचं इंजिन असेल तर त्याने जास्त जपावं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, बोटीच्या तळाशी साचून राहते आणि कार्बोरेटरमधून उलटा आलेला एक भडका तिला पुरतो. कार्बोरेटरवरची ज्वाला अडवणारी जाळी काढून इंजिन कधीही चालवू नये.

मत्स्यव्यवसाय खात्याच्या प्रशिक्षण केंद्रांत डिझेल इंजिनाच्या देखभालीचं सहा महिन्यांचं प्रशिक्षण मिळतं. तरुण मुलांसाठी ते चांगलं आहे. पण पंचेचाळिशीचा ड्रायव्हर घरदार सोडून सहा महिने कसा जाणार? बंदीच्या काळात तो बंदरावरच असतो. तेव्हा तिथेच आठ संध्याकाळी एक उघडं इंजिन मांडून शिकवलं, तर जाळी विणता विणता माणसं येऊन बसतील. हे खात्याच्या कानावर तुम्ही घालावं.

आणि तुमच्या वार्ताहरांना सांगावं, बोट ओढत आणल्याची बातमी देताना ड्रायव्हरला एक प्रश्न जास्त विचारा, कुठला भाग गेला? ती वाकडी पुशरॉड पुतण्याने इंजिनरूमच्या दाराला तारेने बांधून ठेवली आहे. कोणी हर्णैला आलं तर काचेवर घरंगळवून दाखवीन.

आपला,
एक निवृत्त इंजिन ड्रायव्हर, हर्णै, ता. दापोली