लांबच्या विमानप्रवासात मुलांना वेगळे बसवण्यापेक्षा त्यांना रमवावे

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

शाळांना सुट्ट्या लागल्या की मुंबईहून लंडन-न्यूयॉर्ककडे जाणाऱ्या आणि तिकडून परतणाऱ्या विमानांत लहान मुलांची संख्या वाढते. त्याबरोबर रडणाऱ्या, पुढच्या आसनाला लाथा मारणाऱ्या आणि मधल्या वाटेत धावणाऱ्या मुलांविषयीच्या तक्रारीही वाढतात. मुलांना प्रवेश नसलेला स्वतंत्र विभाग विमानात असावा, अशी मागणी मग अधूनमधून केली जाते. ती नवी नाही. एअर एशिया एक्स या मलेशियन कंपनीने २०१३ मध्ये लांब पल्ल्याच्या विमानांत असा शांत विभाग सुरू केला, आपल्याकडे इंडिगोने २०१६ मध्ये काही रांगा बारा वर्षांखालील मुलांना बंद केल्या आणि २०२३ मध्ये नेदरलँड्समधील कोरेंडन कंपनीने ॲमस्टरडॅम ते कुरासाव या मार्गावर सोळा वर्षांवरील प्रवाशांसाठी जास्तीचे पैसे आकारून वेगळा भाग राखून ठेवला. आयुष्यभर बालवाडीत शिकवलेली आणि आता मुलीच्या कुटुंबाबरोबर अमेरिकेचा प्रवास करणारी आजी म्हणून मला ही मागणी पटत नाही. मूल विमानात कशामुळे कासावीस होते आणि कशात रमते, याचा विचार तिच्यात कुठेच नाही. तो विचार पालकांनी, विमान कंपन्यांनी आणि आपण सहप्रवाशांनी करावा, यासाठी हे पत्र लिहीत आहे.

मूल विमानात चिडते, तेव्हा त्याला बहुधा शरीराचे कारण असते. विमान दहा-अकरा किलोमीटर उंचीवरून जात असताना आतील हवेचा दाब जमिनीवरच्याइतका ठेवलेला नसतो, तर साधारण १८०० ते २४०० मीटर उंचीच्या ठिकाणी जेवढा असतो तेवढाच असतो. कळसूबाईचे शिखर १६४६ मीटर उंच आहे, म्हणजे त्याहूनही वर जाऊन आपण तासन्‌तास बसलेले असतो. तिथली हवा इतकी कोरडी असते की मोठ्या माणसांचेही नाक-घसा सुकतो. विमान उतरू लागले की दाब पुन्हा वाढत जातो आणि कान दुखू लागतात. मोठी माणसे जांभई देऊन किंवा आवंढा गिळून कान मोकळे करतात, पण बाळाला ते कळत नाही आणि कानापासून घशापर्यंत जाणारी त्याची नळीही अरुंद असते. म्हणून विमान टेकण्याच्या साधारण अर्धा तास आधी, उतरण्याची सुरुवात झाल्याबरोबर, बाळाला अंगावर पाजावे किंवा बाटलीने थोडे थोडे दूध द्यावे. मोठ्या मुलाला घोट घोट पाणी प्यायला लावावे. हातसामानातील द्रव पदार्थांवर १०० मिलिलिटरची मर्यादा असली, तरी बाळाला प्रवासात लागेल एवढे दूध आणि खाणे नेण्याची सवलत असते, हे अनेक तरुण पालकांना ठाऊक नसते आणि नेमक्या शेवटच्या अर्ध्या तासासाठी दूध उरत नाही. कान दुखत असलेल्या मुलाला कोणताही खेळ शांत करू शकत नाही, म्हणून ही गोष्ट आधी सांगितली.

दुसरी अडचण वेळेची. मुंबईहून पश्चिमेकडे जाणारी बरीच विमाने मध्यरात्रीनंतर सुटतात. नाशिक, कोल्हापूर किंवा साताऱ्याहून निघालेले कुटुंब दुपारपासूनच रस्त्यावर असते, त्यानंतर विमानतळावर तीन तास जातात आणि मूल विमानात शिरते तेव्हा त्याची झोप कधीच मोडलेली असते. मुंबई ते न्यूयॉर्क हा थेट प्रवास पुढे पंधरा-सोळा तासांचा असतो. अशा वेळी आसनावर बसताक्षणी मुलाच्या हातात टॅब देणे, म्हणजे झोपेची जी थोडी शक्यता आहे तीही घालवणे होय. विमान सुटल्यावर घरच्यासारखे कपडे बदलावेत, त्याची रोजची गोधडी किंवा दुपट्टा अंगावर घ्यावा, रोज झोपताना जे म्हटले जाते ते हळू आवाजात म्हणावे आणि पिशवीतला पहिला खेळ त्याची झोप झाल्यावरच बाहेर काढावा. झोप आणि जेवणाचा वेळ वजा केला, तरी सहा-सात तास उरतातच. चार वर्षांचे मूल एका गोष्टीत पंधरा-वीस मिनिटांपेक्षा जास्त वेळ क्वचित रमते, हे बालवाडीत काम केलेल्या कोणालाही ठाऊक असते. तेव्हा एखादे महागडे खेळणे नेण्याऐवजी पुष्कळशा लहानसहान वस्तू वेगवेगळ्या पुड्यांत बांधून न्याव्यात आणि त्या एकेक करून, दर वेळी नव्याने, उघडाव्यात. पुडी सोडवणे हाही मुलासाठी खेळच असतो.

पडद्याला माझा सरसकट विरोध नाही. दोन वर्षांखालील मुलांना पडदा दाखवू नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एका तासापेक्षा जास्त दाखवू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितले आहे. प्रवासाच्या एका दिवशी मोठ्या मुलांच्या बाबतीत ही मर्यादा थोडी ओलांडली गेली, तर आभाळ कोसळणार नाही. माझी हरकत वेगळी आहे. पडदा सर्वांत आधी वापरला की नंतर देण्यासारखे काही उरत नाही. दोन तास चित्रे पाहिलेल्या मुलाला मग कागद आणि रंग फिके वाटतात, आणि पडदा काढून घेतला की जे रडणे सुरू होते त्याला आपण बालहट्ट म्हणतो. त्यातच विमानात सतत घरघर चालू असल्यामुळे मूल आवाज वाढवत राहते आणि पालकांच्या ते लक्षातही येत नाही. आवाजाची मर्यादा ठरवून देता येणारे, मुलांच्या मापाचे हेडफोन घरूनच न्यावेत. मोबाइलवरची गाणी मोठ्याने लावून अख्ख्या विमानाला ऐकवणे मात्र कोणत्याही कारणाने समर्थनीय नाही, आणि याबाबत सहप्रवाशांची तक्रार मला पूर्णपणे रास्त वाटते.

मुलांना खरोखर रमवते ते हातांचे काम आणि ओळखीच्या माणसाचे बोलणे. अडीच-तीन वर्षांच्या मुलासाठी टिकल्यांचे एक पाकीट आणि कोरी वही एवढे पुरते. टिकली कागदावरून सोडवायची, माशाचा डोळा म्हणून लावायची, झाडाला फळ म्हणून लावायची, आजीच्या कपाळावर लावायची, आणि हे करताना बोटांना जे काम मिळते त्यात मूल अगदी गढून जाते. रंगीत चिकटपट्टीचे तुकडे जेवणाच्या फळीवर लावून रस्ता करता येतो आणि त्यावरून बोटांची माणसे चालवता येतात. उतरताना ती पट्टी काढून फळी पुसून द्यावी. आपडी-थापडीसारखे खेळ तर काही न नेताही खेळता येतात. पाच-सहा वर्षांच्या मुलांना कागदाची होडी, टोपी, पाकीट करायला शिकवावे, मात्र कात्री हातसामानातून काढून घेतली जाते, म्हणून कागद घरीच कापून न्यावेत. सोंगट्या, मणी आणि गोट्या घरीच ठेवाव्यात, कारण तीन वर्षांखालील मूल त्या तोंडात घालते आणि मोठ्या मुलाच्या हातून त्या आसनांखाली जातात.

वाचता-लिहिता येणाऱ्या मुलांसाठी तर आपल्याकडे खजिनाच आहे. नाव-गाव-फळ-फूल, फुली-गोळा, राजा-राणी-चोर-शिपाई, गावांच्या नावांच्या भेंड्या आणि पत्त्यांमधले बदाम-सात, भिकार-सावकार हे सगळे आसनाच्या जागेत मावणारे आणि आवाज न करता खेळता येणारे खेळ आहेत. नवकंकरीचा पट वहीच्या पानावर आखता येतो आणि सोंगट्यांऐवजी दोन रंगांच्या कागदाचे तुकडे चालतात. समोरच्या पडद्यावर विमानाचा मार्ग दाखवणारा नकाशा असतो, तो मी सर्वांत चांगला खेळ मानते. आत्ता खाली कोणता समुद्र आहे, बाहेरचे तापमान शून्याखाली किती अंश आहे, आपल्याकडे किती वाजले आणि जिथे जायचे तिथे किती, हे दर तासाला एका वहीत लिहायला सांगितले, तर आठ-नऊ वर्षांचे मूल स्वतःच घड्याळाकडे लक्ष ठेवू लागते. पुढे ती वही शाळेत दाखवता येते हा वेगळा फायदा.

येथे आजी-आजोबांविषयी थोडे लिहिणे भाग आहे. परदेशात राहणाऱ्या मराठी कुटुंबांत नातवंडे आठवड्यातून एकदा मराठी शाळेत जातात, घरी आईवडिलांशी अर्धे मराठी आणि अर्धे इंग्रजी बोलतात, आणि आजी-आजोबा त्यांना भेटतात ते मोबाइलच्या पडद्यावर, दहा मिनिटे. विमानात मात्र तेच आजोबा त्यांच्या शेजारी पंधरा तास बसलेले असतात. आपल्या लहानपणीचा वाडा, विहीर, पावसाळ्यात ओलांडलेला ओढा, आईची शाळा, मामाची खोडी यांच्या गोष्टी सांगायला याहून मोठी सवड क्वचितच मिळते. त्या गोष्टींत नातवाचे नाव घालावे, मधेच थांबून पुढे काय झाले असेल ते त्यालाच विचारावे, त्याने अडखळत दिलेले उत्तर दुरुस्त न करता पुढे न्यावे. असे असताना आसने निवडताना आजी-आजोबांना मागच्या रांगेत एकत्र बसवले जाते आणि मुलाच्या दोन्ही बाजूंना दमलेले आईवडील असतात. ही मांडणी बदलावी. आईवडिलांना आळीपाळीने झोप मिळेल आणि मुलाला ताजा सोबती मिळेल.

एका गोष्टीचा निषेध केल्याशिवाय राहवत नाही. मूल प्रवासात झोपावे म्हणून त्याला सर्दी-ॲलर्जीचे सिरप देण्याचा सल्ला आप्तमंडळी सर्रास देतात. ही औषधे झोपेसाठी नसतात. काही मुलांवर त्यांचा उलटा परिणाम होऊन ती अधिकच अस्वस्थ होतात, आणि चुकलेल्या मात्रेचा धोका हजारो फुटांवर, डॉक्टरांपासून दूर असताना, पत्करण्यासारखा नसतो. सर्दीच्या नेहमीच्या वापरातील क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलेफ्रिन यांच्या मिश्रणाबाबत, ते चार वर्षांखालील मुलांना देऊ नये अशी सूचना वेष्टनावर छापण्याचा आदेश आपल्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये दिला आहे. शेजाऱ्यांच्या शांततेसाठी निरोगी मुलाला औषध पाजणे हे कोणत्याही पालकाने करू नये, आणि कोणी सुचवले तरी ऐकू नये.

आता विमान कंपन्यांविषयी. एतिहाद एअरवेजने २०१३ मध्ये लांबच्या प्रवासात मुलांसाठी खास सेविका नेमल्या होत्या आणि त्यांना इंग्लंडमधील नॉर्लंड या बालसंगोपन महाविद्यालयाकडून प्रशिक्षण दिले होते. त्या मुलांना कागदाच्या घड्या घालून वस्तू करायला शिकवत, मोज्यांच्या बाहुल्या करून दाखवत आणि लहानसहान जादू करत. यात खर्च होता तो माणसांच्या शिक्षणाचा, साहित्याचा जवळजवळ नाहीच. मुंबईहून पंधरा तासांची उड्डाणे चालवणाऱ्या कंपन्यांनी प्रत्येक अशा विमानात निदान दोन कर्मचाऱ्यांना एवढे शिकवणे अशक्य नाही. मी केलेल्या प्रवासांत मुलांसाठी कधी रंगकामाची वही मिळाली, कधी काहीच मिळाले नाही, आणि विचारल्यावर 'साठा संपला' एवढेच उत्तर आले. मराठी बालकथा तर समोरच्या पडद्यावर मला शोधूनही सापडल्या नाहीत. मुंबई-पुण्याच्या प्रवाशांवर चालणाऱ्या मार्गांवर, डोळे मिटून ऐकता येतील अशा, मराठीत सांगितलेल्या काही तासांच्या गोष्टी ठेवणे कंपन्यांना सहज जमण्यासारखे आहे, आणि पडदा बंद ठेवूनही मुलाला गुंतवण्याचा तो सर्वांत सोपा मार्ग आहे.

आसनांचा प्रश्नही याच्याशी जोडलेला आहे. बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच आरक्षणावर प्रवास करणाऱ्या निदान एका पालकाशेजारी आसन द्यावे, असा निर्देश नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने एप्रिल २०२४ मध्ये विमान कंपन्यांना दिला. त्यापूर्वी शेजारची जागा हवी म्हणून पालकांना जादा पैसे मोजावे लागत किंवा विमानात शिरल्यावर अनोळखी प्रवाशांना विनवावे लागे. तरीही तिकीट काढताना हा नियम पालकांच्या नजरेस पडत नाही, तो आरक्षणाच्या पानावरच मराठीसह भारतीय भाषांत ठळकपणे दाखवायला हवा. जपान एअरलाइन्सने दोन वर्षांखालील मुले कोणत्या आसनांवर आहेत, हे आसन निवडतानाच चिन्हाने दाखवण्याची सोय २०१९ मध्ये केली. ज्यांना शांतता हवी आहे त्यांना दूरचे आसन निवडता येते आणि मुलांना कुठूनही हुसकावे लागत नाही. वेगळ्या विभागाची मागणी करणाऱ्यांनी ही सोय मागावी, मी त्यांच्याबरोबर सही करीन.

सहप्रवाशांकडून फार अपेक्षा नाही. मागच्या आसनावरचे मूल डोकावले तर त्याच्याकडे पाहून हसावे, आणि एकट्या आईला स्वच्छतागृहात जायचे असेल तर पाच मिनिटे तिच्या मुलावर लक्ष ठेवावे. तक्रार करायची असेल तर ती सेवकांकडे सौम्य शब्दांत करावी, मुलाला उद्देशून नव्हे.

दिवाळीच्या सुट्टीतील आरक्षणे पुष्कळ आधी सुरू होतात. विमानात मुलांसाठी कोणते साहित्य मिळेल, मुलांचे जेवण किती तास आधी सांगावे लागेल, बाळाचा पाळणा किती वजनापर्यंत आणि कोणत्या रांगेत मिळेल, एवढी माहिती जरी कंपन्यांनी तिकिटाबरोबरच कळवली, तरी घरून काय न्यायचे ते पालकांना वेळेत ठरवता येईल. आपल्या वृत्तपत्राने हा विषय महासंचालनालयापुढे आणि कंपन्यांपुढे मांडावा, अशी विनंती.

आपली विश्वासू,
एक निवृत्त बालवाडी शिक्षिका,
डोंबिवली